भवभूतीच्या नाटकांतील सहचराची निवड

१

विवाहासाठी जोडीदार निवडताना काय पाहावे, कशाला अग्रस्थान द्यावे आणि सर्व गोष्टी एका ठिकाणी न मिळाल्यास प्रथम कशावर पाणी सोडावे, हा प्रश्न आपल्या समाजाने बहुतांशी घरातील वडीलमंडळी, मध्यस्थ आणि ज्योतिषी यांच्याकडे सोपविलेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, संस्कृत नाटककारांतील एका श्रेष्ठ नाटककाराने या प्रश्नावर दहा अंकांचे एक संपूर्ण प्रकरण रचले आहे, आणि त्याच प्रश्नाची उत्तरबाजू आपल्या दुसऱ्या नाटकात मांडली आहे. तो नाटककार भवभूती. ती दोन नाटके ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ ही होत.

या नाटककाराचे आपल्या प्रदेशाशी जवळचे नाते आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेला हा कवी आपले घराणे विदर्भातील पद्मपूर नगराचे असल्याचे सांगतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. दुर्ग येथे मिळालेल्या एका अपूर्ण वाकाटक ताम्रपटात पद्मपुराचा निर्देश आहे, त्याचाही त्यांनी आधार घेतला. त्यांनी हे प्रतिपादन केले त्या काळी आमगाव भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा निराळा जिल्हा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. स्थलनिश्चितीविषयी विद्वानांत पूर्ण एकवाक्यता नसली, तरी जुन्या भंडारा जिल्ह्याचा अभ्यासक भवभूतीला आपल्या मातीतील कवी मानतो, आणि तसे मानण्यास सबळ आधार आहे.

मराठीत भवभूतीची उपेक्षा झालेली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘संस्कृत कविपंचका’त त्याला मानाचे स्थान आहे. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी एकोणिसाव्या शतकात ‘मालतीमाधवा’चे मराठी भाषांतर केले. रा. गो. भांडारकर यांनी १८७६ मध्ये त्याच नाटकाची जगद्धराच्या टीकेसह आवृत्ती सिद्ध केली. तथापि भवभूतीचा करुणरस, त्याची प्रौढ समासप्रचुर शैली आणि त्याची सृष्टिवर्णने यांवर जितका विचार झाला, तितका त्याच्या विवाहविषयक विचारावर झालेला दिसत नाही. वर्गात ‘मालतीमाधव’ शिकविताना त्याविषयी दोन ठरीव मते ऐकू येतात. एका मतानुसार हे नाटक प्रेमविवाहाचा पुरस्कार करते. दुसऱ्यानुसार अखेर वडिलांनी योजलेलेच लग्न घडून येत असल्याने ते वडिलांच्या शहाणपणाचा गौरव करते. दोन्ही मतांना नाटकात आधार सापडतो, आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे. भवभूतीने परस्परांच्या अनुरागाला पहिले स्थान दिले आहे. परंतु अनुराग हा गुणांच्या यादीतून निष्पन्न होत नाही आणि त्याचा खरेपणा निवडीच्या क्षणी कळत नाही, हेही त्याने ओळखले आहे. त्यामुळे त्याच्या नाटकांत निवडीचा निकष एक आणि ती निवड निभावण्याचा निकष दुसरा, असे दोन निकष आढळतात. आणि दुसऱ्या निकषावर स्वतःचा आदर्श नायकच उणा पडतो, ही गोष्ट त्याने झाकून ठेवलेली नाही.

२

भवभूतीपुढे या विषयावरील शास्त्रविचार कोणता होता, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे. आश्वलायन गृह्यसूत्र आरंभीच कुलपरीक्षा सांगते. नंतर बुद्धी, रूप, शील, लक्षणे आणि आरोग्य यांनी युक्त अशी वधू करावी असे म्हणते. पण लगेच सूत्रकार कबूल करतो की लक्षणे ओळखणे कठीण आहे. त्यासाठी तो मातीच्या ढेकळांची परीक्षा सुचवितो. दुबार पिकणाऱ्या शेतातील, गोठ्यातील, यज्ञवेदीतील, न आटणाऱ्या डोहातील, जुगाराच्या जागेतील, चव्हाट्यावरील, नापीक जमिनीतील आणि स्मशानातील अशी आठ ढेकळे मुलीपुढे ठेवावीत, आणि ती जे उचलील त्यावरून भविष्य जाणावे. आजच्या वाचकाला या विधीचे हसू येईल. परंतु त्याच्या मुळाशी असलेली कबुली हसण्याजोगी नाही. माणूस निवडताना जे पाहावयाचे असते ते डोळ्यांना दिसत नाही, हे सूत्रकाराला पुरते ठाऊक होते.

भारद्वाज गृह्यसूत्रातील विवेचन अधिक तर्कशुद्ध आहे. वित्त, रूप, प्रज्ञा आणि बांधव, म्हणजे नातेसंबंध व कुळ, ही विवाहाची चार कारणे ते सांगते. चारही साधत नसतील तर प्रथम वित्त सोडावे, त्यानंतर रूप सोडावे. उरलेल्या प्रज्ञा आणि बांधव या दोहोंपैकी काय सोडावे याविषयी मतभेद असल्याचे ते नमूद करते. आणि काहींच्या मते बांधवच सोडावे, कारण प्रज्ञाहीन व्यक्तीबरोबर सहवास तो कसला, असा त्यांचा युक्तिवादही देते. अग्रक्रमाची इतकी स्पष्ट मांडणी प्राचीन वाङ्मयात विरळ. येथे ‘सहवास’ या कल्पनेला जे वजन मिळाले आहे, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरे मत आपस्तंब गृह्यसूत्रात आले असून वात्स्यायनाच्या कामसूत्रानेही ते उद्धृत केले आहे. जिच्या ठायी मन आणि दृष्टी जडतात, तिच्यामुळे भरभराट होते. अन्य कशाचीही पर्वा करू नये, असे कित्येक म्हणतात, असा त्याचा आशय आहे. वात्स्यायन याच्याही पुढे जाऊन विवाहाचे फळ अनुराग हेच असल्याने गांधर्वविवाहास श्रेष्ठत्व देतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भवभूतीचे घराणे तैत्तिरीय शाखेचे होते, हे त्यानेच सांगितले आहे. भारद्वाज आणि आपस्तंब ही दोन्ही सूत्रे त्याच शाखेची. ‘मालतीमाधवा’च्या दुसऱ्या अंकात कामन्दकीच्या तोंडी जे प्रसिद्ध वचन आहे, त्यात परस्परांवरील अनुराग हेच विवाहकार्यातील सर्वोच्च मंगल होय असे म्हटले असून, त्याच्या पुष्ट्यर्थ मन आणि दृष्टी जडण्याविषयीचे हे जुने मत अंगिरसाच्या नावावर दिले आहे. भवभूतीने घरच्या शास्त्रातूनच आपला निकष उचलला. मात्र उचलताना त्याने त्याचा उत्तरार्ध वगळला. अन्य कशाचीही पर्वा करू नये, हे शब्द कामन्दकी उच्चारीत नाही. ही गाळणूक सहज झालेली दिसत नाही. संपूर्ण नाटकाची रचना त्या गाळलेल्या उत्तरार्धाभोवती झाली आहे.

३

कथानक सर्वांस परिचित आहे. येथे आवश्यक तेवढेच सांगतो. पद्मावतीच्या राजाचा अमात्य भूरिवसू आणि विदर्भराजाचा अमात्य देवरात हे सहाध्यायी होते. आपल्या अपत्यांचा विवाह करावयाचा असा त्यांनी विद्यार्थिदशेतच कामन्दकी आणि सौदामिनी यांच्या समक्ष संकल्प केला होता. पुढे राजाने आपला मर्जीतील नर्मसचिव नन्दन याच्यासाठी भूरिवसूची कन्या मालती हिला मागणी घातली. अमात्याला नकार देणे शक्य नव्हते. आपल्या कन्येवर महाराजांची सत्ता आहे, असे दुहेरी अर्थाचे उत्तर देऊन त्याने वेळ मारून नेली. देवराताचा पुत्र माधव आन्वीक्षिकीच्या अध्ययनाचे निमित्त करून कुंडिनपुराहून पद्मावतीस आला. कामन्दकी या वृद्ध बौद्ध परिव्राजिकेने दोघांची भेट, प्रेम आणि विवाह घडवून आणण्याचे कार्य अंगावर घेतले.

या आराखड्यात तीन अग्रक्रम एकमेकांसमोर उभे केले आहेत. पहिला अग्रक्रम सत्तेचा. नन्दनाकडे राजाची मर्जी आहे, त्याखेरीज वर म्हणून त्याच्यापाशी काही नाही. वय आणि रूप दोन्ही त्याच्या विरुद्ध आहेत. मराठी रंगभूमीच्या परिचिताला येथे गो. ब. देवलांच्या १८९९ मधील ‘शारदा’ नाटकातील भुजंगनाथाची आठवण होणे साहजिक आहे. भेद इतकाच की भुजंगनाथ पैशाच्या बळावर नवरा होऊ पाहतो आणि नन्दन राजशब्दाच्या बळावर. दोन्ही ठिकाणी कन्येचा बाप दुबळा आहे. एकाचा दुबळेपणा लोभामुळे, दुसऱ्याचा सेवकपणामुळे.

दुसरा अग्रक्रम कुलाचा, आणि तो खुद्द मालतीच्या मनात आहे. बाप आपल्याला राजाच्या मर्जीसाठी देऊन टाकीत आहे, त्याला कन्येहून राजाची आराधना मोठी वाटते, अशी तिची समजूत होते. वडिलांच्या संकल्पाची तिला कल्पना नाही. विरहाच्या यातना असह्य झाल्या आहेत. मरण पत्करण्याची तिची तयारी आहे. तरीही पित्याची प्रतिष्ठा, मातेचे शुद्ध घराणे आणि कुळाची निष्कलंकता यांपुढे स्वतःला आणि स्वतःच्या जीविताला ती गौण लेखते. ज्यांना हे नाटक बंडखोरीचे वाटते त्यांनी या स्थळाकडे पुनः पाहावे. नायिका पळून जाण्याचा विचार आधी करीत नाही. तिला त्या वाटेकडे वळविण्यासाठी कामन्दकीला शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांचे दाखले सूचकपणे द्यावे लागतात.

तिसरा अग्रक्रम अनुरागाचा. तो कसा जन्मतो याचे चित्रण भवभूतीने बारकाईने केले आहे. मालती वाड्याच्या उंच गवाक्षातून रस्त्याने वारंवार जाणाऱ्या माधवाला पाहते. मदनोत्सवात दोघांची दृष्टादृष्ट होते. बकुळीची माळ इकडून तिकडे जाते. मालतीने मन रमविण्यासाठी काढलेल्या माधवाच्या चित्राच्या फलकावरच माधव तिचे चित्र काढतो. हे सर्व उत्स्फूर्त वाटते. पण माधवाने त्याच रस्त्याने वारंवार जावे ही योजना कामन्दकीची होती, हे प्रेक्षकाला आधीच सांगितलेले आहे. म्हणजे मन आणि दृष्टी जडली खरी, परंतु ती कोठे जडावी याची आखणी वडीलधाऱ्यांनी करून ठेवली होती.

टीकाकाराने येथे भवभूतीला खडा सवाल विचारला पाहिजे. प्रेमिकांची निवड जर पूर्वनियोजित वर्तुळातच फिरत असेल, तर अनुरागाला दिलेले अग्रस्थान कितपत खरे? माधव सुंदर नसता, कुलीन नसता, देवराताचा पुत्र नसता, तर कामन्दकीने त्याला त्या रस्त्यावर पाठविले असते काय? याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी आहे. कुलाला बाधा न आणता अनुरागाला विजयी करावयाचे, म्हणून कवीने कुल आणि अनुराग यांची गाठ एकाच व्यक्तीच्या ठिकाणी घातली. सूत्रवचनाचा उत्तरार्ध का गाळला, याचा उलगडा येथे होतो. अन्य सर्व गोष्टींची पर्वा राखूनच अनुरागाला पहिले स्थान द्यावयाचे, ही त्याची भूमिका आहे. ती तडजोडीची भूमिका आहे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तीत एक गोष्ट निश्चित आहे. अनुराग नसताना केवळ कुल, सत्ता किंवा वित्त यांच्या जोरावर झालेला विवाह भवभूतीला मान्य नाही. नन्दनाच्या पदरात त्याने अखेरीस हसेच टाकले आहे.

४

मुख्य जोडप्याच्या छायेत वावरणारे एक दुसरे जोडपे या नाटकात आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ते अधिक बोलके आहे. माधवाचा मित्र मकरंद आणि नन्दनाची बहीण मदयंतिका यांच्याविषयी कोणत्याही वडिलांनी कोणताही संकल्प केलेला नव्हता. मदयंतिकेने बुद्धरक्षितेकडून मकरंदाची कीर्ती ऐकली होती. पुढे पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघाच्या तावडीतून त्याने तिला वाचविले आणि त्यात तो स्वतः घायाळ झाला. येथे कीर्ती, पराक्रम आणि दुसऱ्यासाठी देह झोकून देण्याची वृत्ती ही निवडीची कारणे आहेत. रूपाचा वाटा नाही असे नाही, पण तो मागचा आहे.

सातव्या अंकात मालतीच्या वेषातील मकरंदाने नन्दनाला झिडकारल्यावर भावजयीला रागे भरण्यासाठी मदयंतिका येते. पांघरुणाखाली कोण आहे हे तिला ठाऊक नाही. सखी तिला बोलते करतात आणि ती मकरंदाविषयीचे आपले मन उघड करते. ही कबुली ती त्याच्या समोर, पण त्याला न पाहता देते. म्हणून तीत लटकेपणाला जागा उरत नाही. त्यानंतर भावाला न विचारता ती त्याच्याबरोबर निघून जाते. प्रसंग विनोदी आहे, पण निर्णय गंभीर आहे. मालतीने जे पाऊल कामन्दकीच्या हाताला धरून टाकले, ते मदयंतिकेने त्या मानाने पुष्कळ स्वतंत्रपणे टाकले.

तरीही आठव्या अंकात नगररक्षकांशी मकरंदाची झुंज होते तेव्हा राजाचा राग निवळण्यास दोन कारणे घडतात : या तरुणांचे शौर्य आणि त्यांच्या कुळाची माहिती. शौर्य एकटे पुरले असते की नाही, हे नाटककाराने अजमावून पाहिलेले नाही. अनुरागाला अखेर राजमान्यतेचे पत्र मिळते, त्यावर नन्दनाची संमतीही असते आणि सर्वांचा समेट होतो. प्रकरण या नाट्यप्रकाराला सुखान्त हवा असतो, हे खरे. पण हा सुखान्त समाजाची संमती मिळाल्याशिवाय पुरा होत नाही, ही भवभूतीची स्वतःची जाणीव आहे. ‘उत्तररामचरिता’त तीच जाणीव शोकाच्या बाजूने प्रकट होते.

५

‘मालतीमाधव’ विवाहापाशी थांबते. त्यातील सहाव्या अंकात कामन्दकी वधूवरांना उपदेश करते की, पती पत्नीला आणि पत्नी पतीला सर्वांत प्रिय मित्र, सगळे गणगोत, सर्व इच्छा, ठेवा, किंबहुना प्राणच होत. हा उपदेश आरंभी दिलेला आहे. त्याचा पडताळा त्या नाटकात नाही. तो पडताळा ‘उत्तररामचरिता’त आहे. तेथे निवड होऊन बराच काळ लोटला आहे, वनवास आणि वियोग भोगून झाले आहेत, आणि दांपत्य म्हणजे काय याची व्याख्या अनुभवातून सांगता येते.

ती व्याख्या पहिल्या अंकात रामाच्या मुखी आहे. सुखदुःखांत एकरूप असणे, सर्व अवस्थांत साथ देणे, हृदयाला विसावा देणे, वार्धक्यानेही ज्याची गोडी हरण होत नाही आणि काळाने संकोचाची आवरणे दूर झाल्यावर जे स्नेहाच्या गाभ्यात स्थिरावते, ते दांपत्य, असा तिचा भावार्थ आहे. वित्त, रूप, प्रज्ञा, बांधव या चारांपैकी एकही शब्द या व्याख्येत नाही. येथे सर्व भर काळावर आहे. रूप पाहता येते, कुळाची चौकशी करता येते. काळाने आवरणे दूर होण्याची वाट मात्र पाहावीच लागते. आश्वलायनाने लक्षणे दुर्ज्ञेय म्हटली. भवभूती त्याचे कारण सांगतो. जे जाणावयाचे आहे ते निवडीच्या दिवशी अस्तित्वातच आलेले नसते.

गुणांविषयी भवभूतीचे मत काय, हेही या नाटकावरून कळते. चौथ्या अंकात अरुंधती सीतेविषयी बोलताना सांगते की गुणी माणसाच्या ठिकाणी पूजनीय असतात ते गुण. लिंग किंवा वय नव्हे. सहाव्या अंकात अनोळखी बालकांविषयी आपल्याला माया का वाटावी, असा विचार राम करतो तेव्हा, स्नेह आणि तो कारणसापेक्ष, हे म्हणणेच परस्परविरुद्ध आहे असे त्याला वाटते. कोणते तरी आंतरिक कारण वस्तूंना जोडते, बाह्य उपाधींवर प्रीती अवलंबून नसते, या आशयाचा श्लोक तेथे येतो. हाच श्लोक ‘मालतीमाधवा’च्या पहिल्या अंकातही आहे. एका ठिकाणी तो तरुण प्रेमिकांच्या आकर्षणाला लावला आहे, दुसऱ्या ठिकाणी पित्याच्या वात्सल्याला. कवीने आपला श्लोक दोनदा वापरला एवढेच म्हणून येथे थांबणे योग्य होणार नाही. सहचराविषयीचे प्रेम आणि अपत्याविषयीचे प्रेम यांचे मूळ एक आहे, असा त्याचा सिद्धान्त यावरून दिसतो. आपले मूल आपण गुण पारखून निवडीत नाही. तरी त्याच्याविषयीची माया कमी खरी नसते. म्हणून गुणांचा अधिकार आदर मिळविण्याचा आहे, स्नेह निर्माण करण्याचा नाही. सद्गुणी स्थळ पाहून लग्न करणाऱ्याला आदर हमखास मिळेल. स्नेह मिळेलच असे नाही.

आणि तरीही हा सिद्धान्त उच्चारणारा रामच पुढच्या क्षणी काय करतो? दांपत्याची ती उदात्त व्याख्या त्याच्या तोंडून निघते तेव्हा सीता त्याच्या बाहूवर निश्चिंत झोपली आहे. लगोलग दुर्मुख लोकापवादाची वार्ता सांगतो, आणि राम सीतेच्या त्यागाचा निश्चय करतो. व्याख्या आणि त्याग यांत नाटककाराने अंतर ठेवले नाही. ही योजना हेतुपुरस्सर आहे असेच मला वाटते. दोघांत अनुराग होता, कुल होते, गुण होते आणि काळाची कसोटीही पार पडली होती. या सर्वांहून वरचढ ठरला तो लोकांचा शब्द. तिसऱ्या अंकात वासंती पंचवटीच्या परिसरात रामाला त्याच्या पूर्वीच्या प्रेमोद्गारांची आठवण देते आणि पुढचे बोलणे मध्येच तोडते. त्या तुटलेल्या वाक्यात जो आरोप आहे, त्याला रामापाशी उत्तर नाही. अदृश्य सीता तो आरोप ऐकते. तिला रामाची दया येते. परंतु दया येणे म्हणजे आरोप खोटा ठरणे नव्हे.

येथे भवभूतीचा दुसरा निकष स्पष्ट होतो. सहचराच्या ठिकाणी अखेर पाहावयाचे ते इतकेच, की लोक विरुद्ध गेले असता तो पाठीशी उभा राहतो की नाही. माधव स्मशानात कापालिक अघोरघंटावर शस्त्र उचलतो, मकरंद वाघाच्या अंगावर जातो. ही दोन्ही संकटे बाहेरची, धैर्याला सोपी. समाजाच्या तोंडाला तोंड देण्याचे धैर्य निराळे. ते प्रजापालक रामाला झाले नाही. सातव्या अंकात गर्भनाटकाच्या द्वारे सीतेची निर्दोषता प्रकट होते, गंगा आणि पृथ्वी साक्ष देतात, अरुंधती पौरजनांना दूषण देते आणि वाल्मीकीच्या कथेतील शेवट बदलून पुनर्मीलन होते. तरी लोकांनी मान लवविल्यावरच ते मीलन होते, हे विसरता येत नाही.

६

भवभूतीच्या विचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. अनुराग आणि बांधव यांचा खरा विरोध उभा राहील असा प्रसंग त्याने आपल्या नाटकांत येऊ दिला नाही. दोन्ही जोडप्यांच्या आड वर्ण कोठेही येत नाही. भारद्वाज सूत्रात प्रज्ञेसाठी बांधव सोडावे असे मत निदान नोंदविलेले तरी आहे. भवभूतीच्या रंगभूमीवर त्या मताला पात्र मिळालेले नाही. हा प्रश्न आधुनिक काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निर्भीडपणे मांडला. जातिभेदावरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच होय, असे त्यांनी १९३६ मधील जातिनिर्मूलनविषयक निबंधात प्रतिपादन केले. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी विशेष विवाह कायदा संमत झाला. या कायद्याने जात व धर्म न पाहता विवाह करण्याची वाट अधिक प्रशस्त केली, पण तीस दिवसांची जाहीर नोटीसही घातली. ज्या जोडप्याच्या मागे घरचे उभे नाहीत, त्याला हे तीस दिवस किती दीर्घ वाटतात, हे सांगावयास नको. नाटकात ज्या ठिकाणी कामन्दकी उभी आहे, त्या ठिकाणी प्रत्यक्षात पुष्कळदा कोणीच नसते.

अग्रक्रमांचा क्रमही आज पालटलेला दिसतो. सूत्रकाराने प्रथम टाकून देण्यास सांगितलेले वित्त आज वरसंशोधनात बहुधा प्रथम विचारले जाते. विवाहविषयक जाहिरातींत जात, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी आणि उत्पन्न यांची यादी असते. धानाची शेती करणाऱ्या तरुणापेक्षा पगारदार वर पसंत पडतो, याचा अनुभव भंडाऱ्यापासून सोलापूरपर्यंत सर्वत्र आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तो याच दुखण्याचा परिपाक. यात मुलीकडच्यांचा केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. पावसावर आणि बाजारभावावर हेलकावणाऱ्या घरात आयुष्यभराचे श्रम आणि कर्जाची चिंता कोणाच्या वाट्याला येते, हे मुलींनी आपल्या आयांच्या आयुष्यात पाहिलेले असते. त्यांच्या लेखी वित्त म्हणजे चैन नव्हे, तर निर्भयपणा होय. सूत्रकाराला वित्त सोडा असे सांगता आले, कारण तो वराच्या बाजूने बोलत होता. त्याच्या यादीत वधू पारखली जाते, ती स्वतः पारखीत नाही.

या ठिकाणी मात्र भवभूतीचे महत्त्व उणे होत नाही. संस्कृत नाटकाच्या चौकटीत राहून त्याने मालती आणि मदयंतिका या दोघींना पाहण्याचा, निवडण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार दिला. ‘उत्तररामचरिता’त त्याने पतीला वासंतीच्या आरोपासमोर निरुत्तर उभे केले. त्याच्या नाटकांचा अभ्यास करताना आपण त्यांना प्रेमविवाहाचे किंवा वडिलांच्या पसंतीचे प्रमाणपत्र मानू नये. वधूवरांच्या याद्या कितीही लांबविल्या तरी सहजीवनाचा मुख्य प्रश्न त्या यादीबाहेर राहतो, हे त्याने दाखविले; आणि तो प्रश्न एकट्या दोघांनी सोडविण्याजोगा नसून भोवतालच्या लोकांच्या वागणुकीवरही अवलंबून असतो, हेही दाखविले. जुन्या भंडारा जिल्ह्याने ज्याला आपला म्हटले त्या कवीच्या नाटकांचे वाचन या दृष्टीने पुनः व्हावयास हवे. ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ पदव्युत्तर वर्गात निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांसाठी वेगवेगळी न वाचता एकाच प्रश्नाचे दोन भाग म्हणून लागोपाठ वाचली, तर पहिल्या नाटकातील मंगलाष्टकांच्या मागे दुसऱ्यातील लोकापवादाचा आवाज ऐकू येईल, आणि भवभूतीने अनुरागाला दिलेल्या अग्रस्थानाची खरी किंमतही त्यावरून करता येईल.